बाळ ठीक आहे ना?

मूल जन्मले की घरची माणसे दोन प्रश्न विचारतात. पहिला, मुलगा की मुलगी? दुसरा, ठीक आहे ना? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणीही देऊ शकतो. दुसऱ्याचे उत्तर द्यायचे तर कोणीतरी त्या बाळाला उघडे करून, माथ्यापासून तळव्यांपर्यंत हात लावून पाहिलेले असावे लागते. परिचारिका म्हणून मी सुमारे चाळीस वर्षे काम केले, त्यातली बहुतेक जर्मनीत, नवजात बालकांच्या विभागात. हा दुसरा प्रश्न मला मराठीत, हिंदीत आणि त्याहून कितीतरी अधिक वेळा जर्मन भाषेत विचारला गेला. मी दिलेल्या उत्तरांपैकी एक उत्तर निवृत्तीनंतरही माझा पिच्छा सोडीत नाही. त्या निमित्ताने एक विचार वाचकांपुढे ठेवावा म्हणून लिहीत आहे. ज्याला पाहायला शिकवले, त्याच्यावर त्या पाहण्याची कोणती जबाबदारी येते?

माझी आजी अलिबागजवळच्या एका खेड्यात राहत असे. तिने कोणती परीक्षा दिली नव्हती, पण आपल्या लोकांच्या घरी आणि शेजारच्या आगरी-कोळ्यांच्या घरीही बाळंतपणाला तिला बोलावणे येई. मुलाला न्हाऊ घातले की ती पाय लांब करून बसे आणि त्याला पायांवर घेई. करंगळी तोंडात घालून आतली टाळू चाचपून पाही, मग माथ्यावरची. हातापायांची बोटे मोजी. पालथे करून कण्यावरून अंगठा फिरवी. मूल पहिली काळी शी करीपर्यंत ती आपल्या घरी परतत नसे. मग म्हणे, "बरे आहे हो पोर, घ्या." पुढे मुंबईला नर्सिंग शिकताना आमच्या सिस्टर ट्यूटरनी नवजात बालकाच्या तपासणीची यादी फळ्यावर लिहिली तेव्हा मला हसू आले. फाटलेली टाळू, जादा बोट, कण्यातली फट, बंद असलेली शौचाची जागा. आजीची यादी जवळजवळ तीच होती. हृदयाचा आवाज तिला ऐकता येत नव्हता आणि खुब्याचा सांधा तपासायचा असतो हे तिला ठाऊक नव्हते. शिवाय जे सापडे त्यावर तिच्यापाशी बहुधा इलाज नसे. आमच्यापाशी इलाज आहे. म्हणूनच आमची जबाबदारी तिच्याहून जड आहे.

लग्नानंतर १९८३ साली मी जर्मनीत आले. इस्रायलला गेलेल्या माझ्या मामांनी तेव्हा पत्र लिहून विचारले होते, "सारे जग सोडून त्याच देशात?" त्यांना देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नव्हते. नवऱ्याची नोकरी तेथे होती, म्हणून गेले, एवढेच.

येथे प्रत्येक मुलाची एक पिवळी वही असते. पश्चिम जर्मनीत ही पद्धत १९७१ साली सुरू झाली. ठरावीक वयाला होणाऱ्या सगळ्या तपासण्या त्या वहीत नोंदल्या जातात. पहिली तपासणी जन्मानंतर लगेच होते, तिला 'ऊ-१' म्हणतात. ती डॉक्टर करतात किंवा बाळंतपण करणारी सुईण. दुसरी, 'ऊ-२', तिसऱ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान होते आणि ती डॉक्टरांनीच करायची असते. येथील सुईण म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे येते ती नव्हे. तिला 'हेबामे' म्हणतात. डॉक्टर हजर असले तरी हेबामेला बोलावल्यावाचून बाळंतपण करायचे नाही असा येथे कायदा आहे, आणि २०२० पासून तिचे शिक्षण विद्यापीठाच्या पदवीचे झाले आहे.

तपासणी म्हणजे काय, हे थोडक्यात सांगते. आधी नुसते पाहायचे. रंग, श्वास, हातपाय कसे हलवते ते. मग बाळ शांत आहे तोवर हृदय ऐकायचे, कारण ते एकदा रडू लागले की काही ऐकू येत नाही. मांडीच्या सांध्यातली नाडी दोन्ही बाजूंना लागते का पाहायचे. मग डोळे, तोंड, पोट, लिंग, कणा. डोके जरासे मागे सोडले की बाळ दचकून दोन्ही हात पसरते आणि मिठी मारावी तसे जवळ घेते. एकच हात उचलला तर दुसऱ्या खांद्याकडे काहीतरी दुखावले आहे असे समजावे. या दचकण्याला हायडेलबर्गचे बालरोगतज्ज्ञ एर्न्स्ट मोरो यांचे नाव आहे. त्यांनी ते १९१८ साली वर्णन केले. मोरोंची पत्नी यहुदी होती आणि १९३६ साली त्यांनी मुदतीआधीच आपली प्राध्यापकी सोडली. १९३३ पूर्वी जर्मनीतल्या बालरोगतज्ज्ञांपैकी जवळजवळ निम्मे यहुदी वंशाचे होते, हे मी येथे आल्यावर बऱ्याच वर्षांनी वाचले. रोज सकाळी ज्या रीतीने मी बाळे तपासत होते तिच्यावर त्या माणसांच्या हातांचा केवढा ठसा होता!

सर्वांत शेवटी खुबा, कारण बाळाला तो आवडत नाही. गुडघे दुमडून मांड्या हळूच बाजूला न्यायच्या आणि सांधा जागेवरून सरकतो का, किंवा सरकलेला परत बसतो का, हे बोटांनी ओळखायचे. इटलीच्या ओर्तोलानींनी १९३७ साली आणि इंग्लंडच्या बार्लोंनी १९६२ साली या खुणा सांगितल्या. डोळ्यांना यातले काहीच दिसत नाही. जे कळते ते बोटांना कळते, आणि ते पुस्तकात वाचून येत नाही.

आता ती गोष्ट सांगते. १९८६ सालच्या वसंतात आमच्या विभागात एक मुलगी होती, आईची पहिलीच, पायाळू. आपल्याकडे पायाळू मुलाने लाथ मारली की कंबरदुखी जाते म्हणतात. पण पायाळू मुलीचा खुबा नीट पाहावा, हे कोणी म्हणत नाही. चौथ्या दिवशी तिचे लंगोट बदलताना डावा पाय बाजूला घेतला आणि आत काहीतरी सरकल्यासारखे वाटले. मी पुन्हा करून पाहिले. पुन्हा तसेच. तेव्हा नवजात बाळे आईपासून वेगळी, काचेपलीकडच्या खोलीत ठेवीत असत. तासाभराने तरुण डॉक्टर ऊ-२ साठी आले. रात्रपाळी करून आलेले, दुपारपर्यंत चौदा बाळे संपवायची होती. त्यांनी छाती ऐकली, डोक्यावरून हात फिरवला, लंगोट सोडले नाही, आणि वहीत खुब्याच्या रकान्यात दोन अक्षरे लिहिली, 'ओ. बे.' 'ओने बेफुंट' या शब्दांची ही आद्याक्षरे. अर्थ असा की पाहिले, पण दोष काही आढळला नाही.

मी शेजारी उभी होते. मी काही बोलले नाही.

दुपारी बाळ आईकडे नेले तेव्हा ती म्हणाली, "आलेस इन ऑर्डनुंग?" सगळे ठीक आहे ना? मी म्हटले, "डॉक्टरांनी वहीत लिहिले आहे ना." हे उत्तर खोटे नव्हते. ते खोट्याहून वाईट होते.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात बाजारात ती आई भेटली. ढकलगाडीत मुलगी होती. कमरेपासून घोट्यांपर्यंत दोन्ही पाय प्लास्टरमध्ये, बेडकासारखे फाकवलेले. चालायला लागल्यावर लंगडते असे दिसले, मग शस्त्रक्रिया झाली. आईने मला ओळखले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुम्ही आमच्याशी किती प्रेमाने वागलात, मी विसरलेले नाही." मी बटाटे घ्यायला गेले होते. ते न घेताच घरी आले.

खुबा पहिल्या काही आठवड्यांत सापडला तर बहुतेक मुलांना नुसत्या मऊ पट्ट्याने किंवा फाकवणाऱ्या लंगोटाने बरे करता येते. चालण्याच्या वयात सापडला तर पुष्कळदा चाकू लागतो. मी गप्प राहिले, त्याची किंमत ही होती, आणि ती मी भरली नाही.

माझ्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. मी देशात नवी होते. भाषा अजून अडखळत होती. ऊ-२ माझे काम नव्हते. खुबा तपासायला मला कोणी रीतसर शिकवलेही नव्हते, माझ्या बोटांना जे वाटले ते खरे की भास हे मी सांगू शकले नसते. एक जर्मन सहकारी म्हणत असे, "जितके कमी पाहाल तितके कमी जबाबदार." हा नुसता आळशीपणा नाही, त्यात एक तर्क आहे. ज्याला कळत नाही त्याला दोष नाही, असे आपणही म्हणतो. अजाण माणसाने केलेल्या चुकीला आपल्या शास्त्रातही सवलत आहे. मग परिचारिकांना आणि सुइणींना खुबा, हृदय, डोळे तपासायला शिकवणे म्हणजे त्यांच्यावर एक ओझे चढवणे नव्हे का? शिकण्यापूर्वी त्या निर्दोष असतात. शिकल्यानंतर त्यांचे गप्प राहणे हा अपराध होतो.

मी या तर्काशी बरीच वर्षे झगडले. शेवटी मला त्यातली खोट सापडली ती अशी. आपण निर्दोष आहोत की नाही ही आपली काळजी झाली. बाळाची काळजी त्याच्या खुब्याची आहे. माझे अज्ञान खरे असो की सोयीचे, सरकलेला सांधा त्याने जागेवर बसत नाही. जी बाई दिवसातून सहा वेळा बाळाला उघडे करते, न्हाऊ घालते, दूध पिताना पाहते, तिच्यापेक्षा जास्त संधी डॉक्टरला कधीच मिळत नाही. एवढी संधी असून पाहायला न शिकणे हा निष्पापपणा नव्हे.

याला दोन दाखले देते. १९५६ साली इंग्लंडमध्ये रॉचफर्ड येथील इस्पितळात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात नेत असत. एक दिवस त्यांनी डॉक्टरांना एक पिवळे बाळ उघडे करून दाखवले. जेथे ऊन लागले होते तेथली कातडी फिकी झाली होती, चादरीखाली झाकलेला भाग मात्र पिवळाच होता. डॉक्टर क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर प्रयोग केले आणि १९५८ साली ते प्रसिद्ध केले. आज जगभर काविळीच्या बाळांना निळ्या दिव्याखाली ठेवतात, त्याचे मूळ एका परिचारिकेच्या नजरेत आहे आणि तिने ते बोलून दाखवण्याचे धैर्य केले यात आहे.

दुसरा दाखला आपल्या महाराष्ट्रातला. गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांतल्या थोड्या शिकलेल्या बायकांना घरोघर जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवले. वजन करणे, अंग गार आहे का पाहणे, दूध ओढते का पाहणे, श्वास मोजणे. त्यापूर्वी सुइणींसाठी त्यांनी मण्यांचे एक साधे यंत्र केले होते. वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ, आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. ६० श्वासांपर्यंत मणी पोहोचले तर नवजात बाळाला धोका. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. त्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११ पासून भारत सरकारने हीच रीत देशभरच्या आशा कार्यकर्त्यांकडे दिली, आणि इस्पितळात जन्मलेल्या बाळाकडेही त्या सहा वेळा जातात. माझ्या आजीला कोणी एवढे शिकवले असते तर, असे मला ते वाचताना वाटले.

डॉक्टरांचा आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. अर्धवट शिकलेली माणसे आयांना घाबरवतात, असे ते म्हणतात, आणि ते खरे आहे. पहिल्या एकदोन दिवसांत पुष्कळ बाळांच्या हृदयात एक बारीक घरघर ऐकू येते. गर्भात असताना उघडी असलेली वाट बंद होत असते, तिचा तो आवाज. माझ्या एका विद्यार्थिनीने तो ऐकून व्हरांड्यातच आईला सांगितले, "हृदयात आवाज आहे." आई रात्रभर रडली, तिचे दूध आटले. तिसऱ्या दिवशी आवाज नव्हता. त्या मुलीचे कान बरोबर होते. कोणाला, कधी आणि कसे सांगायचे हे तिला कोणी शिकवले नव्हते, आणि तो दोष माझा होता. तेव्हा शिकवायचे तर पुरते शिकवावे. शंभर ठीक बाळांवर हात फिरल्याशिवाय एकशे एकावे ठीक नाही हे हाताला कळत नाही. इंग्लंडमध्ये जादा शिक्षण घेतलेल्या सुइणी जन्मापासून ७२ तासांच्या आत बाळाचे डोळे, हृदय, खुबे आणि मुलगा असल्यास अंडकोश, अशी पुरी तपासणी स्वतः करतात. जर्मनीत अजून ऊ-२ डॉक्टरांकडेच आहे. कोणाची सही हवी हा वाद मला फार मोठा वाटत नाही. बाळाला उघडे करून पाहिले गेले का, हा प्रश्न मोठा आहे.

यंत्रेही आली. ऑस्ट्रियाच्या डॉक्टर ग्राफ यांनी १९८० च्या सुमारास खुब्याची सोनोग्राफी काढली, आणि १९९६ पासून जर्मनीत प्रत्येक बाळाची ती चौथ्या-पाचव्या आठवड्यात होते. २००९ पासून कानांची चाचणी आली. २०१७ पासून पायाला दिवा लावून रक्तातला प्राणवायू मोजतात, कारण हृदयाचे काही दोष हाताला आणि कानाला सापडत नाहीत. मी यंत्रांच्या विरुद्ध नाही. माझ्या हातून झालेली चूक आज बहुधा यंत्राने पकडली असती. पण यंत्रापुढे बाळ ठेवणारी आणि त्याचा आकडा पाहून बोलणारी किंवा गप्प राहणारी व्यक्ती अजून माणूसच आहे.

शिकवलेल्या नजरेलाही तिच्या मर्यादा असतात, हे मला माझ्या मुलीने शिकवले. जन्मल्यावर बाळाला गुण देण्याची जी पद्धत अमेरिकेच्या डॉक्टर व्हर्जिनिया अॅपगार यांनी १९५२ साली बसवली, तिच्यात रंगालाही दोन गुण आहेत. जर्मन कागदांवर चांगल्या रंगासाठी शब्द असतो 'रोझिग', म्हणजे गुलाबी. माझी मुलगी १९८८ साली येथे जन्मली. तिच्या कागदावर 'रोझिग' असे लिहिले आहे. आमच्या घराण्यात आजवर कोणी गुलाबी झालेले नाही! मी हसले. पण तिसऱ्या दिवशी मी तिच्या नाकाचा शेंडा बोटाने दाबून पाहिला आणि बोट उचलताच खाली पिवळे दिसले. डोळ्यांचे पांढरे पिवळे, हिरड्या पिवळ्या. मी सांगितले तर ड्यूटीवरची परिचारिका म्हणाली, "तुम्हा लोकांची कातडीच तशी असते." या वेळी मी गप्प राहिले नाही. रक्त तपासले आणि तीन दिवस तिला दिव्याखाली ठेवावे लागले.

तसेच पाठीवरच्या निळ्या डागांचे. आपल्या पुष्कळ मुलांच्या कमरेखाली निळसर डाग असतो, तो चारदोन वर्षांत आपोआप जातो. ज्या डॉक्टरने त्याला नाव दिले तो एर्विन बेल्ट्स जर्मनच, जपानात काम करणारा. आणि तरी एका तुर्की बाळाच्या पाठीवर तो पाहून माझ्या एका विद्यार्थिनीला वाटले, आईने मारले. ती पोलिसांकडे जायला निघाली होती. २०२३ साली इंग्लंडमध्ये एका अहवालाने उघड सांगितले की सावळ्या आणि काळ्या बाळांची कावीळ व निळेपणा ओळखण्यात या जुन्या शब्दांमुळे चूक होते. पाहायला शिकवणारा कोणत्या बाळांवर शिकला, हेही विचारले पाहिजे.

आपल्या पूर्वजांना मात्र बाळाचा रंग पाहणे नवे नव्हते. बाबिलोनच्या रब्बी नाथान यांची गोष्ट तालमूदमध्ये आहे. एका आईची दोन मुले सुंतेनंतर दगावली होती. तिसरे त्यांच्याकडे आणले तेव्हा त्यांनी त्याचा लाल रंग पाहून थांबायला सांगितले, आणि मूल जगले. दुसऱ्या एका पिवळ्या बाळाबाबतही तेच. आठवा दिवस परमेश्वराने नेमलेला, तरी आजारी बाळासाठी तो पुढे ढकलायचा, कारण सुंता नंतरही करता येते, गेलेला जीव आणता येत नाही. आधी पाहा, मग आज्ञा पाळा, असा त्याचा अर्थ मी घेते.

आता जे लिहायचे आहे ते लिहिणे मला सोपे नाही. बाजारातल्या त्या भेटीनंतरच्या हिवाळ्यात रात्रपाळीला एक वृद्ध हेबामे माझ्याबरोबर होती. तिच्या निवृत्तीला काही महिने राहिले होते. तिच्याइतके चांगले हात मी आयुष्यात पाहिले नाहीत. मी तिला खुब्याची गोष्ट सांगितली. ती मला बाळांच्या खोलीत घेऊन गेली, माझी बोटे आपल्या बोटांखाली धरून तिने खुबा कसा धरायचा ते दाखवले, एकामागून एक आठ बाळांवर. मग चहा करून आणला आणि आपली गोष्ट सांगितली. माझ्या गळ्यात मागेन दाविद आहे हे तिला ठाऊक होते.

१९४३ साली ती नुकती पास झालेली मुलगी होती. एक बाळ जन्मले. गोल चेहरा, तिरके डोळे, मऊ अंग, तळहातावर एकच आडवी रेघ. तिला छापील अर्ज भरायचा होता, तो तिने भरला. १८ ऑगस्ट १९३९ रोजी राइखच्या गृहखात्याने एक गुप्त परिपत्रक काढले होते. मतिमंद दिसणारी, हातपाय नसलेली, कण्यात फट असलेली, डोके फार मोठे किंवा फार लहान असलेली नवजात बाळे आणि तीन वर्षांखालील मुले डॉक्टरांनी व सुइणींनी सरकारी आरोग्य कार्यालयाला कळवायची. प्रत्येक अर्जामागे सुईणीला दोन मार्क मिळत. ते अर्ज बर्लिनला जात. तेथे तीन डॉक्टर मुलाला न पाहता कागदावर अधिक किंवा वजा अशी खूण करीत. अधिक म्हणजे मृत्यू. आईबापांना सांगत की मुलावर खास उपचार होणार आहेत. अशा सुमारे तीस विभागांत निदान पाच हजार मुले औषधे देऊन किंवा उपाशी ठेवून मारली गेली. तिच्या त्या बाळाच्या आईला काही महिन्यांनी न्युमोनियाने मृत्यू झाल्याचे पत्र आले.

"मी चुकीचे काही लिहिले नव्हते," ती म्हणाली, "जे होते तेच लिहिले. अर्ज कोठे जातो हे मी विचारले नाही."

मी तिला काही बोलले नाही. क्षमा करणे माझ्या हातात नव्हते, ते मूल माझे नव्हते. धिक्कार करणे सोपे होते, पण तिच्या बोटांची ऊब अजून माझ्या बोटांवर होती. घरी येऊन मी सकाळपर्यंत जागी राहिले. तिने पाहिले आणि लिहिले, मी पाहिले आणि लिहिले नाही. तिची तपासणी चोख होती. तेव्हा चोख तपासणी शिकवली म्हणजे काम झाले, असे मी त्या रात्रीनंतर कधी मानले नाही. पुढे वाचनात आले की हेबामेशिवाय बाळंतपण नाही हा मानाचा नियम प्रथम २१ डिसेंबर १९३८ च्या कायद्याने आला होता. मान मिळाला, आणि आठ महिन्यांत त्याची किंमत मागितली गेली.

आपण दर वर्षी शेमोथचा पहिला पराशा वाचतो. मिसरच्या राजाने शिफ्रा आणि पुवा या सुइणींना बोलावून सांगितले की बाळंतपणाच्या वेळी पाहा, आणि मुलगा असला तर मारा. म्हणजे त्यांनाही पाहायलाच सांगितले होते. त्या परमेश्वराला भ्यायल्या, राजाला नाही. लहानपणी मला ती धाडसाची गोष्ट वाटे. आता वाटते, त्या दोघींना आपली नजर कोणासाठी आहे हे ठाऊक होते. तिच्यावर राजाचा हक्क नव्हता. हातात आलेल्या बाळाचा होता.

नंतरची वीसेक वर्षे मी विद्यार्थिनींना शिकवले. बोटांच्या कामाखेरीज काही गोष्टी मी दर वर्षी सांगत असे. लंगोट सोडले नसेल तर 'ओ. बे.' लिहू नये, रकाना रिकामा ठेवावा. रिकामा रकाना कोणीतरी भरील, खोटा भरलेला कोणी उघडणार नाही. तपासणी आईच्या देखत, तिच्या खाटेवर करावी, म्हणजे काय पाहिले हे तिलाही दिसते. शंका आली तर आधी वरिष्ठांना स्पष्ट सांगावे, त्यांनी ऐकले नाही तर पुन्हा सांगावे, आणि आईशी बसून बोलावे, व्हरांड्यात उभ्याने नव्हे. आणि तुम्ही भरलेला कागद कोठे जातो, कोण वाचतो, त्यावरून बाळाचे काय होते, हे विचारावे. विचारायला संकोच वाटत असेल तर तो कागद भरू नये. वर्गात हसणाऱ्या मुली शेवटच्या वाक्याला हसत नसत. तेथे शाळेत तो इतिहास शिकवतात.

शिकवल्याने त्यांचे ओझे वाढले हे खरे. काहींनी मला तसे सांगितलेही, की आता घरी जाऊन झोप येत नाही, काही राहिले का असे वाटत राहते. मी त्यांना खोटा दिलासा दिला नाही. एवढेच म्हटले की ज्यांना झोप येते त्यांच्या हाती मी माझे बाळ देणार नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या मुलीला मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर मी हात गरम पाण्यात धुतले, बांगड्या काढल्या आणि तिच्या पलंगावरच त्याला उघडे केले. मुलगी उशीला टेकून पाहत होती. माथा, टाळू, डोळे, छाती, मांडीची नाडी, पालथे करून कणा. कमरेखाली आपला तो निळा डाग. शेवटी खुबे, आधी उजवा, मग डावा. डाव्यावर माझी बोटे जरा जास्त वेळ थांबली. नाक दाबून पाहिले तर पिवळे होते. आठव्या दिवशी मोहेल आले, त्यांनी खिडकीपाशी नेऊन त्याच्या डोळ्यांकडे पाहिले आणि पिवळेपणा उतरेपर्यंत थांबायला सांगितले. आलेले पाहुणे जेवून परत गेले. सुंता नंतर झाली.

पण हे पुढचे. त्या दिवशी लंगोट बांधून मी बाळ मुलीच्या हातात दिले तेव्हा तिने विचारले, "मम्मी, ठीक आहे ना?"

मी म्हटले, "हृदयात आवाज ऐकू आला नाही. खुबे आज घट्ट आहेत, पण पाचव्या आठवड्यात सोनोग्राफी करायचीच. कावीळ थोडी आहे, उद्या रक्त तपासू. डोळ्यांच्या आतले मला पाहता येत नाही, ते डॉक्टरांना विचार. बाकी मी सगळे पाहिले आहे."

ती म्हणाली, "एवढे मोठे उत्तर?"

मी म्हटले, "हो."